मिहानच्या गवतातली कोळीण

पावसाळा सरला की नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या अजून बांधकाम न झालेल्या भूखंडांवर भल्या पहाटे जरा खाली बघत चालावं. दंव पडलेलं असलं तर गवताच्या बुडाशी पांढरी जाळी अंथरलेली दिसतात. ऊन चढलं की ती दिसेनाशी होतात, पण असतात तिथेच.

नोव्हेंबर २०१९ मध्ये याच मिहानमध्ये वाघ दिसला आणि अख्ख्या नागपुरात त्याचीच चर्चा होती. गवतातली ही शिकारीण मात्र कायमची मुक्कामाला. तिचं नाव हिप्पासा. फ्रेंच अभ्यासक युजीन सिमों यांनी १८८५ मध्ये ही प्रजाती शास्त्राच्या दप्तरी नोंदवली. लांडगा-कोळ्यांचं हे कुळ. त्यातल्या बहुतेकांनी शिकारीसाठी जाळं विणणं सोडलंय. ते दबा धरतात आणि झडप घालतात. हिप्पासाने वेगही राखला आणि जाळंही.

आणि नवल म्हणजे हे जाळं चिकट नसतं! सपाट चादर एका बाजूला निमुळती होत नरसाळ्यासारखी गवताच्या बुडख्यात किंवा काळ्या मातीच्या भेगेत उतरते. त्याच्या तोंडाशी कोळीण पुढचे पाय धाग्यांवर टेकवून बसते. नाकतोडा चादरीवर पडला की त्याचे पाय धाग्यांत अडखळतात. त्याची धडपड धाग्यांतून थरथरत तिच्या पायांपर्यंत पोचते. तेवढा वेळ तिला पुरतो. गवताची काडी हलकेच टेकवून पाहा: कधी ती झपकन बाहेर येते, काडीपाशी थबकते आणि गर्रकन वळून आत. पाय आपटलात तर मात्र दिसायचीच नाही.

धावणाऱ्या त्या पायांचीही कमालच. त्यांच्या दोन मुख्य सांध्यांत पाय वाकवणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीत. अंगातल्या द्रवाच्या दाबाने पाय ताठ होतात. म्हणूनच मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी आवळलेले दिसतात. दाबच उरलेला नसतो.

अंड्यांची रेशमी पिशवी ती शरीराच्या मागच्या टोकाला, धागा काढणाऱ्या अवयवांना चिकटवून सोबत वागवते. ही सवय साऱ्या कुळाचीच. फ्रान्समध्ये जाँ-आंरी फाब्र यांनी याच कुळातल्या एका कोळिणीची पिशवी काढून तिच्याजवळ बुचाची गोळी ठेवली. तिने ती उचलली, धाग्याने मागे चिकटवली आणि तीच जपत हिंडत राहिली.