गाडीचा माग, माणसाचा मान

१२ जानेवारी २०२१. पहाटेचे पाच वाजायला थोडा अवकाश होता. मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकातून तीन ट्रक बाहेर पडले. निघण्यापूर्वी पूजा झाली, नारळ फुटला. गाड्यांत कोव्हिशील्ड लशीची ४७८ खोकी होती आणि एकेका खोक्याचे वजन होते ३२ किलो. लोहगावच्या विमानतळावरून ती देशातल्या तेरा शहरांना जायची होती. साऱ्या देशाचे डोळे त्या दिवशी या तीन गाड्यांकडे लागले होते. शिवाय एक डोळा गाडीतच बसवलेला होता. त्याचे नाव जीपीएस. गाडी या क्षणी कुठे आहे, हे तो दूर कचेरीत बसलेल्या माणसाला सांगत होता.

ही उठाठेव कशासाठी? ती लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. तापली तर बिघडते आणि गोठली तरी वाया जाते. दूध नासले तर गृहिणीला पातेल्यात पाहताच कळते. बिघडलेली लस मात्र डोळ्यांना चांगल्या लशीसारखीच दिसते! म्हणून गाडी कुठे थांबली, किती वेळ थांबली आणि तेवढ्यात आतला गारवा टिकला की नाही, याची नोंद लागते. या मांजरीतच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या पेट्यांचीही हीच कथा आहे. वाटेत गारवा तुटला, तर महिनोन्‌महिन्यांची मेहनत मातीमोल.

आकाशातली घड्याळे

पुष्कळांची समजूत अशी की, आकाशातला उपग्रह आपल्या गाडीवर नजर ठेवून असतो. तसे मुळीच नाही. त्या बिचाऱ्याला आपली गाडी अस्तित्वात आहे, हेसुद्धा ठाऊक नसते!

जीपीएस ही अमेरिकेची योजना. मूळची लष्करासाठी आखलेली. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली वर गेला आणि १९९५ साली ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे हे उपग्रह म्हणजे खरोखर अत्यंत अचूक घड्याळे. 'आता इतके वाजले, आणि मी येथे आहे,' एवढेच ते सतत सांगत असतात. गाडीतले यंत्र ते ऐकते. संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढते. निदान चार उपग्रहांचे ऐकले की आपली जागा त्याला गणिताने सापडते. तिथल्या घड्याळांत आणि आपल्या घड्याळांत सापेक्षतेमुळे रोज सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या जवळपास चौपट फरक पडतो. तो हिशेबात धरला नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरांच्या घरात चूक साचेल. आईन्स्टाईनचे गणित आज मालमोटारीच्या कामी आले आहे, ते असे.

जागा समजली, आता ती कचेरीला कळवायची. ते काम यंत्रातले सिमकार्ड करते. मोबाइलच्या जाळ्यातून ते आपले ठिकाण कळवते आणि कचेरीतल्या पडद्यावर एक ठिपका सरकू लागतो. घाटात मोबाइलची रेंज गेली की ठिपका जागच्या जागी थबकतो. गाडी मात्र चालूच असते! भारतानेही २०१३ पासून आपले स्वतःचे उपग्रह या कामासाठी सोडले. त्या व्यवस्थेचे नाव 'नाविक'.

ठिपका बोलतो, कारण सांगत नाही

एखाद्या कंपनीने पंचवीस-तीस गाड्यांना ही यंत्रे बसवायची ठरवली की मालकाला आनंद होतो. डिझेल कुठे गेले, गाडी वाट सोडून कुठे हिंडली, इंजिन उगाच किती वेळ चालू राहिले, सारे कळणार! पण चालकाच्या कपाळाला आठी पडते. वीस वर्षे इमानाने गाडी हाकली, आणि आता आमच्यावर पहारा?

ही आठी समजून घेतली पाहिजे. पडद्यावर दिसते की गाडी हडपसरला पंधरा नंबरपाशी वीस मिनिटे उभी होती. चालक चहा पीत होता, की सोलापूर रस्त्याच्या गर्दीत अडकला होता, की टायर पंक्चर झाला होता? ते ठिपक्याला ठाऊक नसते. ते विचारायला माणूसच लागतो. तो माणूस 'काका, काय झालं?' असे विचारतो, की 'कुठे उलथला होतास?' म्हणून खेकसतो, यावर त्या यंत्राचे यशापयश ठरते. जिथे खेकसणेच वाट्याला येते, तिथे तारा आपोआप तुटतात.

माग दोन्ही बाजूंनी

आता दुसरी बाजू पाहू. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी करणारी २२ वर्षांची मुलगी रात्रपाळीसाठी घरून निघाली. न्यायला आलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने तिला भलत्याच वाटेने गहुंज्याकडे नेले. ती परत आली नाही. ज्या घरांतल्या लेकी-सुना रात्रीच्या गाडीने कामावर जातात, त्यांना ठिपक्याचे मोल वेगळे सांगायला नको. वाट बदलताच कुणाला तरी कळावे आणि कळताच कुणीतरी धावून जावे, एवढीच त्यांची मागणी असते. पुढे केंद्र सरकारने नियम केला की, १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत असे यंत्र आणि संकटसमयी दाबायचे बटण असावे. रिक्षांसारखी काही वाहने त्यातून वगळली. पण बटण दाबल्यावर पलीकडे जागा माणूस नसेल, तर ते बटण भिंतीवरच्या खिळ्यासारखेच.

मराठीचा शिक्षक म्हणून मला येथे एक शब्द आठवतो. 'माग' हा शब्द 'मार्ग' या शब्दातूनच आला. आपण माग काढतो तो चोराचा, आणि जत्रेत हरवलेल्या लेकराचाही. शब्द एकच. भाव मात्र काढणाऱ्याच्या मनातला.

आणि माग चालकापाशीच थांबतो, असे कोणी सांगितले? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला सामान्यतः दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती, आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. हे तास मोजणार कोण? नोंदवही मालकाच्या हाती, आणि पेनही त्याच्याच खिशात! आता यंत्र मोजते. गाडी पहाटे चारला निघाली आणि रात्री दहालाही धावतच होती, हे ते मालकाला सांगते, तसे न्यायालयालाही सांगू शकते. अपघात झाला की 'चालक बेफाम होता' असे म्हणणे सोपे असते. वेग चाळीसच होता, असे यंत्राने सांगितले, तर तीच नोंद चालकाची साक्षीदार ठरते.

म्हणून कंपन्यांनी यंत्र बसवण्यापूर्वी चालकांना एकत्र बसवावे. काय नोंदले जाणार, ते कोण पाहणार आणि कशासाठी, हे मोकळेपणाने सांगावे. चालकाला स्वतःची नोंद पाहता यावी. डिझेल वाचले, तर त्यातला वाटा त्यालाही मिळावा. आणि त्याचा मुक्काम उरकून तो घरी गेला, की त्याचा माग तिथेच थांबावा.

पडद्यावर ठिपका दिसतो खरा, पण त्या ठिपक्यात एक माणूस बसलेला असतो. त्याच्याही घरी कोणीतरी जेवण झाकून वाट पाहत असते.