काँबो: सरावातला आणि सामन्यातला

सुट्टी लागली की गौलीगुड्यातल्या आपल्या घरांतून बटणांची टकटक ऐकू येते आणि मधूनच "गेलं रे!" अशी हळहळ. मुलं टेकन किंवा स्ट्रीट फायटर खेळत असतात. वडीलधाऱ्यांना वाटतं, नुसती बटणं बडवताहेत. तसं नाही. २०२३ साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटर हा पदकाचा खेळ होता आणि मयंक प्रजापती व अयान बिस्वास हे दोघे त्यात भारताकडून उतरले होते. तेव्हा आपली मुलं नेमकं काय करतात, ते घरच्यांनी समजून घ्यायला हरकत नाही.

या खेळांचा कणा म्हणजे काँबो. एक फटका बसला की समोरचा क्षणभर गांगरतो. तेवढ्यात दुसरा पोचला तर त्याला तो अडवताच येत नाही. अशा फटक्यांची साखळी म्हणजे काँबो. गंमत अशी की १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मध्ये बनवणाऱ्यांनी ही सोय मुद्दाम ठेवलेली नव्हती. वेळेच्या फटीतून ती निघाली आणि खेळाडूंनी तिचं शास्त्र केलं. रियूने बसून मारलेली मधली लाथ आणि तिला जोडून हाडोकेन, ही त्यातली बाराखडी.

मुलं सरावाच्या खोलीत, म्हणजे ट्रेनिंग मोडमध्ये, निमूट उभ्या बाहुल्यावर वीस फटक्यांचा काँबो बसवतात. सामन्यात मात्र तो एकदाही लागत नाही आणि मग चिडचिड होते. कारण साधं आहे: बाहुला अडवत नाही, माणूस अडवतो.

खेळ सेकंदाला ६० चित्रांनी चालतो. डोळ्याने पाहून बोटाने उत्तर द्यायला माणसाला साधारण १२ ते १५ चित्रांचा वेळ लागतो. एकच लाथ मारून "लागली का?" हे बघत बसलं तर पुढचा फटका जोडायची वेळ निघून जाते. न बघता पुढे गेलं आणि लाथ अडवली गेलेली असली, तर आपण उघडे पडतो आणि समोरचा त्याचा सर्वांत मोठा काँबो आपल्यावर चालवतो. म्हणून जाणते खेळाडू आधी दोन-तीन हलके फटके मारतात. तेवढ्यात डोळ्याला कळतं. लागले तर जोरदार शेवट, नाही तर तिथेच थांबायचं.

बँकेत मुरलेला रोखपाल नोटा मोजताना बोटांकडे बघत नाही. बोटं सवयीने चालतात, म्हणून तर डोळा खोट्या नोटेसाठी मोकळा राहतो. इथेही तसंच आहे. काँबो बोटांत इतका मुरला पाहिजे की डोळा समोरच्यावर राहील.

आता थोडा हिशोब, जन्माची सवय! समजा मोठ्या काँबोने ३००० जीव जातो, पण दहांत चारदाच साधतो. लहान काँबोने २००० जातो, पण दहांत नऊदा साधतो. सरासरी काढा: १२०० आणि १८००. शिवाय काँबो लांबला की पुढचे फटके खेळच हलके करत नेतो. त्यामुळे शेवटच्या पाच फटक्यांसाठी महिनाभर झुरण्यात फारसा नफा नाही. दिसायला छान, एवढंच.

कुस्तीत हे जुनंच आहे. पटाची हूल द्यायची आणि समोरचा वाकला की ढाक मारायची. ढाक तालमीत सगळ्यांनाच येते. हूल खरी वाटली पाहिजे, तिथे पहिलवान कळतो. काँबोतही पहिला फटका कसा लागेल, हीच खरी विद्या.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या इव्हो स्पर्धेत जपानच्या दाइगो उमेहाराचा केन मरणाच्या दारात होता. समोर जस्टिन वाँगची चुन-ली. अडवलेल्या फटक्यानेही थोडा जीव जातो, म्हणजे नुसतं अडवूनही भागणार नव्हतं. दाइगोने तिच्या लाथांची सरबत्ती एकेक करून नेमक्या क्षणी परतवली आणि लगेच काँबो लावून फेरी जिंकली. लोक त्या परतवण्याचं कौतुक करतात. मला मात्र त्यानंतरचा काँबो जास्त भावतो. सभागृहात एवढा गलका चालू असताना बोटं चुकली नाहीत.

मुलांनी सराव कसा करावा? बाहुल्याला "कधी अडव, कधी नको" असं ठेवता येतं, तसं ठेवा. एकच लहान काँबो घ्या आणि ओळीने दहा वेळा साधा. नववा चुकला तर पुन्हा एकपासून. मग तोच काँबो दुसऱ्या बाजूला उभं राहून करा, कारण जागा बदलली की काठीची दिशा उलटते आणि सामन्यात गडबड हमखास तिथेच होते. त्यानंतर भावंडाशी पाच सामने खेळा, पण हार-जीत मोजू नका. तो काँबो किती वेळा लावायची संधी आली आणि किती वेळा लागला, एवढंच वहीत लिहा. ही वही आजोबांकडे द्यायला हरकत नाही. आम्हाला तेवढंच काम.