वैमानिक-कक्षातील तिसरे आसन : शिष्टाचार आणि संघर्ष

भोकरदन तालुक्यातील केदारखेड्याच्या थांब्यावर, काम संपवून घरी निघालेला एखादा एस. टी. चालक दुसऱ्या आगाराच्या गाडीत चढला, म्हणजे तो सहसा मागे जागा शोधीत बसत नाही. तो पुढे जातो, गाडी चालविणाऱ्याशी दोन शब्द बोलतो आणि त्याच्या जवळपास कोठे तरी टेकतो. ह्या टेकण्याचा आधार नियमपुस्तकात शोधू जाणे व्यर्थ होय. तो व्यवसायबंधुत्वात असतो. विमानवाहतुकीत हीच प्रथा अधिक औपचारिक स्वरूपात आढळते. मात्र एस. टी. चे दोन्ही चालक एकाच महामंडळाचे चाकर असतात, तर विमानातील यजमान आणि पाहुणा पुष्कळदा परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे असतात. प्रस्तुत लेखाचा विषय ह्या भेदातून उद्‌भवतो.

प्रवासी विमानाच्या वैमानिक-कक्षात कप्तान व सहवैमानिक ह्यांच्या आसनांमागे एक, काही विमानांत दोन, घडीची आसने असतात. त्यांस जंपसीट म्हणतात. तपासनीस आणि प्रशिक्षणार्थी ह्यांच्यासाठी त्यांची मूळ योजना. परंतु अमेरिकेत वैमानिकाचे घर एका शहरी व नेमणुकीचा तळ दुसऱ्या शहरी असणे सर्रास आढळत असल्यामुळे, कामावर पोचण्याचे साधन म्हणून ह्या आसनास मोठे महत्त्व आले. कंपन्यांनी आपापसांत करार केले आणि एकीचा वैमानिक दुसरीच्या विमानातून विनामूल्य जाऊ लागला.

करार असला तरी अखेरचा शब्द कप्तानाचा असतो, आणि सगळा शिष्टाचार ह्याच एका गोष्टीभोवती गुंफला गेला आहे. पाहुण्याने स्वतः कक्षाच्या दाराशी जाऊन परवानगी मागावी. ती मिळेपर्यंत आत पाऊल टाकू नये. कागदपत्रे न मागताच पुढे करावीत. कोणत्याही कळीस हात लावू नये. प्रवासी-कक्षात जागा मिळाली तरी उतरताना आभार मानल्यावाचून जाऊ नये. वरकरणी हे सारे सोपस्कार वाटतात. वस्तुतः, मागण्यास आलेल्या माणसाकडे क्षणभर पाहून त्यास पारखण्याची संधी कप्तानास त्यांमुळे मिळते.

ह्यांतील मौनाचा नियम विशेष विचारार्ह आहे. सप्टेंबर १९७४ मध्ये शार्लट येथे ईस्टर्न एअरलाइन्सचे विमान उतरता उतरता कोसळले, तेव्हा वैमानिक अवांतर गप्पांत गुंतलेले होते असे चौकशीत आढळले. अशा अपघातांच्या अनुभवातून अमेरिकेत १९८१ साली, दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त बोलू नये असा दंडक घालण्यात आला. तो पाहुण्यासही लागू पडतो. पण धोका दिसला तर पाहुण्याने बोलावे की नाही? बोलावेच, असे व्यवसायाचे उत्तर आहे.

२८ ऑक्टोबर २०१८ रोजी बालीहून जकार्तास निघालेल्या लायन एअरच्या बोइंग ७३७ मॅक्स विमानाचे नाक आपोआप खाली दाबले जाऊ लागले. तिसऱ्या आसनावर त्याच समूहातील एका भगिनी-कंपनीचा वैमानिक होता. शेपटीकडील समतोल-यंत्रणेचा विद्युत्पुरवठा तोडावा असे त्याने सुचविले. तसे केल्यावर विमान सुखरूप पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान, तोच दोष घेऊन, तिसरा वैमानिक नसताना उडाले आणि जावा समुद्रात कोसळले. १८९ माणसे गेली. आदल्या दिवशीच्या नोंदवहीत बिघाडाची पूर्ण हकीकत उतरली नव्हती. तेव्हा पाठीमागे बसलेल्या माणसाशी यजमानांचे संबंध असे असले पाहिजेत की त्याने तोंड उघडावे आणि त्यांनी ऐकावे. शिष्टाचाराचे खरे मोल येथे आहे.

हे संबंध बिघडतात केव्हा? कंपन्यांच्या नुसत्या व्यापारी चढाओढीने ते क्वचितच बिघडतात. तिकिटांच्या भावावरून वैमानिक एकमेकांचे तोंड चुकवीत नाहीत. वेतन, ज्येष्ठता आणि संप हीच खरी कारणे होत. अमेरिकेतील कॉन्टिनेंटल एअरलाइन्समध्ये १९८३ साली सुरू झालेला वैमानिकांचा संप १९८५ पर्यंत चालला. संप मोडून कामावर गेलेल्यांस पुढे अनेक वर्षे इतर कंपन्यांच्या कप्तानांनी हे आसन नाकारले. कायद्याने दिलेला सुरक्षेचा अधिकार येथे बहिष्काराचे हत्यार बनला. उलट पक्षी विश्वासाचाही गैरफायदा घेतला गेला आहे. एप्रिल १९९४ मध्ये फेडेक्सच्या मालवाहू विमानात पाहुणा म्हणून बसलेल्या त्याच कंपनीच्या उड्डाण-अभियंत्याने तिघा वैमानिकांवर हातोड्यांनी प्राणघातक हल्ला केला. २००१ नंतर पाहुण्याची ओळख संगणकीय नोंदींवरून पडताळण्याची पद्धती आली. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये होरायझन एअरच्या विमानात अलास्का एअरलाइन्सच्या रजेवरील वैमानिकाने दोन्ही इंजिने बंद पाडण्याचा प्रयत्न केलाच.

भारतात कक्षप्रवेश नियामकाच्या कडक देखरेखीखाली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई-दिल्ली विमानात कप्तानाने एका परिचित प्रवासी व्यक्तीस कक्षात बसविले. त्याबद्दल त्याचा परवाना तीन महिने निलंबित झाला व एअर इंडियास ३० लाख रुपये दंड झाला. परंतु आपल्याकडील मोठा संघर्ष घडला तो एकाच छपराखाली आलेल्या दोन कंपन्यांच्या वैमानिकांत.

१९५३ च्या राष्ट्रीयीकरणाने परदेशी मार्ग एअर इंडियाकडे व देशी मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे आले. एकीचे मुख्यालय मुंबईत, दुसरीचे दिल्लीत. वैमानिकांच्या संघटना वेगळ्या, वेतनाचे हिशेब वेगळे. २००७ साली दोन्ही कंपन्या कागदोपत्री एक झाल्या. माणसे एक झाली नाहीत. एप्रिल २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी सुमारे दहा दिवस संप केला. पुढल्या वर्षी, मे २०१२ मध्ये, जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड संपावर गेली. तो संप ५८ दिवस चालला. नव्याने येऊ घातलेल्या बोइंग ७८७ विमानाचे प्रशिक्षण दुसऱ्या गटास का द्यावे, हा त्यातील कळीचा प्रश्न होता.

बाहेरच्यास हा हट्ट क्षुल्लक वाटेल. पण वैमानिकाचे वेतन, त्याचे मार्ग आणि कप्तानपदाची पाळी ही सारी कोणत्या विमानाचे शिक्षण केव्हा मिळाले ह्यावर अवलंबून असतात. लहान विमानांवर कप्तानपद लवकर मिळे, मोठ्यांवर उशिरा; त्यामुळे दोन ज्येष्ठता-याद्या एकत्र गुंफताना कोणी तरी मागे पडणार हे उघड होते. न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला, तरीही त्यानंतर चार महिन्यांतच संप झाला. परक्या कंपनीच्या वैमानिकास एका प्रवासापुरती जागा देणे सोपे असते, कारण तो उतरून आपल्या वाटेने जातो. विलीनीकरणाने आलेला सहकारी उतरत नाही. तो यादीत आपल्या पुढे किंवा मागे कायमचा उभा राहतो. स्पर्धकापेक्षा सहकाऱ्याशी वैर अधिक कडवट होते, त्याचे कारण प्रस्तुत लेखकाच्या मते हेच आहे.

२०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटा समूहाकडे परतली, आणि त्याच समूहाची व्हिस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी तीत विलीन झाली. त्यापूर्वीच, एप्रिल २०२४ च्या आरंभी, नव्या वेतनकराराने नाराज झालेले व्हिस्ताराचे अनेक वैमानिक आजारपणाचे कारण सांगून कामावर आले नव्हते, आणि कंपनीस कित्येक उड्डाणे रद्द करावी लागली होती.