फिल्म ओढणारी मूठ

कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला बसणारी, आतल्या सेलवर चालणारी आणि एक छायाचित्र घेऊन होताच पुढची कोरी फिल्म आपणहून ओढून घेणारी मूठ म्हणजे मोटार-वाइंडर. ती केवळ शीघ्रगतीसाठी निर्माण झाली असा जो सर्वसाधारण समज आहे, तो निदान मध्यम आकाराच्या फिल्मपुरता तरी मला मान्य नाही. कोडॅकने १९०१ साली प्रचारात आणलेली १२० क्रमांकाची फिल्म आजही मिळते, आणि तिच्या एका रोलवर मामिया ६४५ सारख्या कॅमेऱ्यात अवघी १५ चित्रे उतरतात. प्रत्येक चित्राचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटर फिल्मवरच्या चित्राच्या अडीच पटींहून अधिक, आणि खर्चही त्याच मानाने चढा. अशा फिल्मवर बटण दाबून धरून चित्रांचा सपाटा लावणारा मनुष्य पाहता पाहता सबंध रोलची वासलात लावील.

या फिल्मला कडेची छिद्रे नसतात, म्हणून दात्यांच्या चाकाने ती मोजून पुढे सरकवता येत नाही. पाठीशी कागद घेऊन ती एका रिळावरून सुटते व दुसऱ्यावर गुंडाळली जाते. ही दुसरी गुंडाळी जसजशी जाड होत जाते, तसतसा रिळाचा एकेक फेरा अधिकाधिक फिल्म ओढू लागतो, आणि दोन चित्रांमधले अंतर सारखे राखायचे, तर फिल्मची लांबी मोजण्याची किंवा फेऱ्याचा कोन क्रमाक्रमाने उणा करण्याची तजवीज यंत्रात करावी लागते. शिवाय त्याच ओढीत शटरही ताणले गेले पाहिजे. हा सगळा भार बाजूच्या लहानशा दांडीवर, म्हणजे पर्यायाने छायाचित्रकाराच्या उजव्या हातावर असतो. मोटार येते ती फक्त त्या हाताच्या जागी. मोजमापाचा कारभार पूर्ववत कॅमेऱ्याकडेच राहतो.

स्वीडनच्या हॅसलब्लाड कंपनीने १९५७ साली काढलेल्या ५०० सी या कॅमेऱ्यात शटर उघडून मिटले की आरसा वरच राहतो, आणि दांडी फिरवेपर्यंत दर्शिकेत अंधार असतो. साठीच्या दशकाच्या मध्यावर आलेल्या ५०० ईएलने हा अंधार मोटारीच्या बळावर क्षणात निवारला, आणि याच घराण्यातला, परंतु आरसा व दर्शिका काढून टाकलेला एक कॅमेरा जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांबरोबर चंद्रावर गेला. हवा भरलेल्या जाड हातमोज्यांनी दांडी फिरवणे दुष्कर, म्हणून तेथे मोटार हवी होती. गतीचा तेथे प्रश्नच नव्हता. पुढे पेंटॅक्सने १९८४ साली आपल्या ६४५ मध्ये मोटार अंगभूतच बसवली, तर मामियाने १९८५ च्या ६४५ सुपरसाठी ती मुठीच्या रूपाने अलग ठेवली. या दुसऱ्या पद्धतीकडे माझा स्पष्ट कल आहे, आणि त्याचे कारण समजून घ्यायला धाटावसारखे ठिकाण नाही.

रोहा तालुक्यातले हे गाव कुंडलिकेच्या खोऱ्यात आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी, ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला त्या धरणाचे पाणी, सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात राबते आणि मग कुंडलिकेत येते. वीजघरातून ते सकाळी सुटले की कोलाडकडच्या पात्रात रबरी तराफे खळाळातून धावू लागतात. येथे त्या मुठीचे खरे मोल कळते. डावा हात भिंगाच्या कड्यावर फोकस सांभाळीत असतो, उजवा मुठीवर स्थिर असतो, डोळा दर्शिकेला लागलेला असतो, आणि तराफा लाटेवर उचलला जाण्याचे, वल्ही हवेत राहण्याचे व पाण्याची चादर अंगावर कोसळण्याचे असे तीन क्षण तीन चित्रांत घेताना दृष्टी एकदाही मोडत नाही. दांडी फिरवायला हात सुटला की कॅमेरा हलतो, चौकट बिघडते, आणि पुन्हा जुळवीपर्यंत तराफा पुढे निघून जातो.

त्याच खोऱ्यात धाटावची औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्यात रासायनिक कारखान्यांची वस्ती मोठी. जेथे ज्वालाग्राही द्रावणांची वाफ असण्याचा संभव, तेथे साधी विजेची वस्तूही परवान्याशिवाय आत नेऊ देत नाहीत, आणि ते सर्वस्वी योग्य आहे. कारण लहान मोटारीतल्या ब्रशांपाशी फिरताना ठिणग्या उडतात, आणि अशा हवेत एक ठिणगीही अनर्थाला पुरेशी होते. मूठ अलग होत असेल तर ती फाटकावर ठेवता येते. तरीही मामियाचे शटर सेलवरच चालते, तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवीच. सर्वस्वी यांत्रिक असा हॅसलब्लाड ५०० सी/एम, ज्याला सेलच लागत नाही, तो येथे अधिक निर्धास्त. मोटार कोठे लावावी याइतकेच ती कोठे काढावी हे ज्याला कळते, त्याच्याच हाती ही मूठ शोभते.

कोकणच्या हवेत तिची निगा मात्र काटेकोरपणे राखावी लागते. मृगाच्या आधी सेल काढून ठेवावेत, कारण आत राहून पाझरलेला सेल स्प्रिंगा व संपर्कपट्ट्या खाऊन टाकतो. पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आणि भिंगाबरोबर मूठही ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. पावसाळा सरल्यावर नवे सेल घालून, फिल्म न भरता, मोटार काही वेळा फिरवून पाहावी. ती रेंगाळली किंवा मध्येच अडखळली, तर फिल्म भरण्यापूर्वी मूठ दुरुस्तीला द्यावी, कारण अडकलेली मोटार कॅमेऱ्याचेच दाते झिजवते.