लँडिंग झालं, पण घर कुठंय?

ऑनसाईटवरून परतणाऱ्या पुणेकराचं विमान बहुतेकदा पुण्यात उतरतच नाही, ही जुनी बोंब. हिंजवडीचा आयटी पार्क कितीही ग्लोबल असो, सरकारदरबारी गाव मुळशी तालुक्यातलंच. आणि मुळशीहून युरोप-अमेरिकेची वाट आधी घाट उतरून मुंबईला जाते.

कारण लोहगाव. तिथली धावपट्टी हवाई दलाची, लांबी जेमतेम अडीच किलोमीटर. लांबच्या पल्ल्याचं इंधन भरलेल्या मोठ्या विमानांना ती तोकडी पडते. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं, तेही छोटं विमान आणि सगळ्या सीट्स बिझनेस क्लासच्या. म्हणजे आपण फक्त फोटो बघायचे! पुढे तेही बंद झालं. २०२४ मध्ये लोहगावला चकाचक नवं टर्मिनल आलं. धावपट्टी मात्र तीच.

म्हणून खरा प्रवास सुरू होतो मुंबईत उतरल्यावर. युरोपहून येणारी बरीच विमानं मध्यरात्रीच्या आसपास पोचतात. समजा, हिवाळ्यात फ्रँकफर्टहून आलात आणि इथे रात्रीचा एक वाजलाय. तुमच्या शरीराच्या घड्याळात मात्र आत्ता कुठे साडेआठ! तुम्ही टकाटक जागे, गप्पांच्या मूडमध्ये. पण स्टिअरिंगवर कोण आहे? दिवसभर काम करून घ्यायला आलेले बाबा, दादा किंवा दुसरी ट्रिप मारणारा ड्रायव्हर. पहाटे दोन ते पाच ही झोप अनावर होण्याची वेळ, आणि नेमकी तेव्हाच गाडी एक्स्प्रेस-वेवर असते. ९४.५ किलोमीटरचा सरळसोट रस्ता, मध्ये खंडाळ्याचा घाट. आठ तासांच्या विमानप्रवासापेक्षा हे दोन-तीन तास जास्त जोखमीचे.

तेव्हा बॉस, थोडं प्लॅनिंग करा. घरच्यांना रात्री विमानतळावर बोलावू नका. ‘अहो, येऊ द्या ना, किती महिन्यांनी बघणार,’ असं आई म्हणेलच. तिला सांगा, नाश्त्याला भेटू. शक्य असेल तर मुंबईतच चार तास आडवे व्हा आणि उजाडल्यावर निघा. रात्रीच यायचं असेल, तर ड्रायव्हरला आधी विचारा, ‘दादा, झोप झालीय का?’ वाटेत फूड मॉलवर थांबून चहा-वडापाव घ्या, त्यालाही द्या. पण डोळे मिटायला लागले, तर चहा पुरत नाही. गाडी फूड मॉलवरच उभी ठेवून वीस मिनिटांची डुलकी हवी.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठचा टीम कॉल? प्लीज, नाही म्हणा. शरीराला तेव्हा पहाटेचे साडेतीन वाटत असतात. पूर्वेकडे येताना जेटलॅग जास्त छळतो, कारण घड्याळ मागे सरकवण्यापेक्षा पुढे ओढणं शरीराला जड जातं. दर दिवशी साधारण तासाभराने ते जुळतं, म्हणजे चार-पाच दिवस द्या. सकाळी नऊ-दहानंतरचं ऊन घ्या, दुपारची झोप अर्ध्या तासात आटपा.

नवी मुंबईचा विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाला, तोही पनवेलच्या बाजूला, म्हणजे एक्स्प्रेस-वेच्या तोंडाशीच. परदेशची विमानं तिथे उतरतील, तेव्हा आपला मुंबईतला ट्रॅफिक वाचेल. घाट तेव्हाही तोच असेल, आणि रात्री गाडी चालवणारा माणूसही कुणाच्या तरी घरचाच.