जुनी स्पोर्ट्स कार : चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

नवी असताना पन्नास-साठ लाख रुपयांना विकली गेलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार बारा-पंधरा वर्षांनी एखाद्या नव्या सेडानच्या किमतीत मिळू शकते. जुन्या मोटारींच्या बाजारात पोर्शे बॉक्सस्टर, मर्सिडीज एसएलके, बीएमडब्ल्यू झेड-४, ऑडी टीटी ही नावे अधूनमधून दिसतात आणि अनेक वर्षे मनात जपलेले स्वप्न आवाक्यात आल्यासारखे वाटू लागते. मात्र व्यवहारापूर्वी एक साधे सूत्र ध्यानात घ्यायला हवे. गाडीची किंमत वयानुसार उतरते. तिच्या सुट्या भागांची आणि ते बसवणाऱ्या कारागिरीची किंमत उतरत नाही. पंधरा लाखांना घेतलेली अशी मोटार देखभालीच्या दृष्टीने साठ लाखांचीच राहते.

सुट्या भागांचे गणित

रोजच्या वापरातील हॅचबॅक लाखोंच्या संख्येने विकली जाते. तिचे सुटे भाग देशातच बनतात आणि तालुक्याच्या गावीही मिळतात. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत यातील एकही गोष्ट लागू पडत नाही. गाड्या मोजक्या, भाग परदेशातून येणारे, त्यावर आयात शुल्क आणि वाहतूक खर्च. पुन्हा ते येईपर्यंत गाडी गॅरेजमध्ये उभी. छोट्या उत्पादकाच्या गाडीची अडचण वेगळी असते. गोव्यात तयार होणाऱ्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी मोटारीला रेनॉचे इंजिन होते, पण बॉडी फायबरग्लासची आणि खास तिच्यासाठीच बनवलेली. उत्पादन थांबल्यावर अशा गाडीचा बंपर किंवा काच दुकानात शोधून मिळत नाही. कारागीर गाठून बनवून घ्यावी लागते.

इंजिनातील छुपे दुखणे

प्रत्येक मॉडेलचे एखादे जन्मजात दुखणे असते. ते माहीत नसेल, तर सौदा अंगाशी येतो. १९९६ साली आलेली पहिली बॉक्सस्टर आणि त्यानंतर वर्षभराने आलेली ‘९९६’ पिढीची पोर्शे ९११ ही याची ठळक उदाहरणे. या गाड्यांच्या एम९६ इंजिनात क्रँकशाफ्टची गती साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवणारा एक मधला दांडा असतो. त्याच्या एका टोकाचे बेअरिंग झिजून तुटले, तर इंजिनाची लय बिघडते, धातूचा चुरा तेलात मिसळतो आणि बहुतेक वेळा संपूर्ण इंजिनच निकामी होते. या दोषावरून अमेरिकेत मालकांनी सामूहिक दावा दाखल केला आणि २०१३ साली त्यात तडजोड झाली. त्याच पिढीतील ९११ टर्बो आणि जीटी३ यांचे इंजिन वेगळे असल्याने त्यांना हा धोका नाही. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनांतून तर हा दांडाच काढून टाकण्यात आला. जाणकार मालक क्लच बदलतानाच हे बेअरिंगही बदलून घेतात. कारण दोन्ही कामांसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरी एकदाच पडते.

कामापेक्षा मजुरी भारी कशी ठरते, हे फेरारीच्या एफ३५५ वरून कळते. या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलण्यासाठी इंजिन बाहेर काढावे लागते. बेल्ट स्वतः फार मोठी वस्तू नव्हे, पण तिथवर पोहोचण्याचे बिल मोठे होते.

उभी गाडीही खर्च करते

‘मी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच चालवणार’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. परंतु रबर, तेल आणि बॅटरी किलोमीटर मोजत नाहीत. त्या वयाने संपतात. टायरच्या बाजूवर चार आकडी संकेत असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक असली, तरी असा जुना टायर वेगवान गाडीला धोक्याचा. त्यातही अनेक स्पोर्ट्स कारचे मागचे टायर पुढच्यांहून रुंद असतात. त्यामुळे पुढे-मागे अदलाबदल करून आयुष्य वाढवण्याची सोय नाही.

पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉल हाही विचाराचा विषय आहे. त्यासाठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि सील यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेत असल्याने दीर्घकाळ उभी राहणारी गाडी अधिक अडचणीत येते. उघडझाप होणाऱ्या छताच्या गाड्यांना पावसाळा कठीण. पहिल्या बॉक्सस्टरच्या छताचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या, तर पाणी आत शिरून आसनाखालील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक खराब होतो आणि गाडी सुरूच होत नाही.

विमा आणि नोंदणी

पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते आणि ते साहजिकच कमी असते. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी पूर्ण निकामी मानली जाते. दोन हेडलाइट, बॉनेट आणि रेडिएटर यांची किंमत नव्याच दराने लागत असल्याने मध्यम स्वरूपाचा अपघातही ही मर्यादा ओलांडू शकतो. सर्वसाधारण पॉलिसीत रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसाराही कापला जातो.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून यासाठी साध्या मोटारीला ५ हजार, तर आयात मोटारीला ४० हजार रुपये शुल्क आहे. २० वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ साली ते अनुक्रमे १० हजार आणि ८० हजार करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत वयाच्या निर्बंधांमुळे स्वस्त झालेली गाडी इकडे आणायची, तर ना हरकत प्रमाणपत्र आणि येथील रस्ता कर यांचा हिशेब सौद्याआधीच करावा.

हिशेब काय सांगतो?

समजा, विमा, टायर, सर्व्हिसिंग आणि किरकोळ दुरुस्ती यांवर वर्षाला दीड लाख रुपये लागले आणि गाडी ३ हजार किलोमीटर धावली, तर पेट्रोल वगळता दर किलोमीटरला ५० रुपये पडतात. तीन वर्षांत एकदाच तीन लाखांचे काम निघाले, की हा आकडा ८३ रुपयांवर जातो. गुंतलेल्या रकमेचे व्याज निराळे.

म्हणून बाजारातील सर्वांत स्वस्त गाडी क्वचितच स्वस्त पडते. सर्व्हिसिंगच्या नोंदी आणि मोठ्या कामांची बिले असलेल्या गाडीसाठी दोन-तीन लाख जास्त मोजणे परवडते. इंजिन थंड असताना ते सुरू करून पाहावे, त्या मॉडेलची माहिती असलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्यावी आणि जी रक्कम हाताशी आहे ती सगळी खरेदीत न घालता तिचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. तेवढी रक्कम उरत नसेल, तर ती गाडी अद्याप आवाक्यात आलेली नाही, असेच समजावे.