दम्याचा पंप कधी घ्यायचा?

उमरखेडकडे सोयाबीनची मळणी किंवा हळदीचं पॉलिश सुरू झालं, की धुळीने दमेकऱ्याची छाती घरघरते आणि पंप आठवतो. धूळ बसली की पंप फडताळात. घोळ इथेच होतो. दमा म्हणजे श्वासनलिकांचा दीर्घकालीन दाह (आतली सूज). धाप हे तिचं वर दिसणारं रूप. चूल विझलेली दिसली तरी राखेखाली निखारा असतोच. सालब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतो, सूज उतरवत नाही. ते काम ब्युडेसोनाइडसारख्या श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचं (दाहशामक औषध). डॉक्टरांनी ते रोज घ्यायला सांगितलं असेल तर बरं वाटत असतानाही घ्यायचं. पंपाची सवय लागते, ही भीती घरोघरी आहे, पण निराधार. मायक्रोग्रॅममधली मात्रा थेट श्वासनलिकांत पोचते. स्टेरॉइडनंतर चूळ मात्र भरावी, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात.